परी लहान कशी होत गेली

इंग्लंडमधील एखाद्या जुन्या कुरणावर उन्हाळ्याच्या उतरणीला पाऊस पडून गेला की कधीकधी गवतात एक रिंगण उमटते. कंपासने आखावे तसे ते गोल असते, आजूबाजूच्या गवतापेक्षा गर्द हिरवे दिसते आणि त्याच्या कडेने बदामी रंगाच्या भूछत्रांची ओळ उभी असते. रात्री इथे पऱ्या फेर धरून नाचल्या, असे खेड्यातले लोक सांगत. अशा रिंगणात चुकून पाय पडलेला माणूस त्या नाचात ओढला जाई, आणि घटकाभर नाचून घरी परतल्यावर त्याला कळे की मधल्या काळात कित्येक वर्षे उलटून गेली आहेत.

विज्ञानाला या रिंगणाचा उलगडा करायला वेळ लागला. सतराव्या शतकात ती वीज पडल्याची खूण मानली जाई आणि पुढच्या शतकात चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन हेही त्याच मताचे होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम विदरिंग यांनी बुरशीकडे बोट दाखवले, आणि पॅलेडियम व ऱ्होडियम ही मूलद्रव्ये शोधणारे विल्यम वोलॅस्टन यांनी १८०७ मध्ये रिंगण गोलच का असते याचे कारण मांडले. बुरशी एका बिंदूपाशी रुजते, तिथल्या मातीतले पोषण संपवते आणि ताज्या मातीच्या शोधात चहूबाजूंनी बाहेर सरकते. मागे वळून तिला काही मिळण्यासारखे नसते. जमिनीखालचे तिचे तंतू कुजका पाला व मुळे पचवतात, त्यातून मोकळा झालेला नायट्रोजन गवताला मिळतो आणि तेवढाच पट्टा तरारून वर येतो. काही ठिकाणी हे तंतू इतके दाट होतात की पाणी मुरत नाही आणि हिरव्या कडेला लागूनच करपलेला पट्टा दिसतो. मात्र नायट्रोजनने सारेच भागत नाही. जपानमधील शिझुओका विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये अशा बुरशीतून गवताची वाढ जोमाने करणारे एक संयुग वेगळे काढले, आणि पुढे या गटातील संयुगांना ‘परी-रसायने’ असेच नाव पडले.

इथे एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. मराठीतली ‘परी’ फारसीतून आली आणि इंग्रजी ‘फेअरी’ लॅटिनमधल्या दैवदेवतांच्या नावावरून, जुन्या फ्रेंचमार्गे; दोन्ही शब्दांचे उच्चार जवळचे असले तरी त्यांचे कूळ एक नाही. पारशी धर्मग्रंथ अवेस्तेतील ‘पइरिका’ ही दुष्ट, भुरळ घालणारी स्त्री होती. फारसी काव्यात तीच सौंदर्याची उपमा झाली आणि आपल्यापर्यंत पोहोचली ती सुंदर होऊनच. म्हणून ‘फेअरी’चे भाषांतर ‘परी’ असे केले की तिच्यातली भीती वाटेतच गळून पडते. ब्रिटन आणि आयर्लंडच्या खेड्यांत मात्र ही भीतीच मुख्य होती. तिथे तिचे नावसुद्धा घेत नसत; ‘ती भली माणसे’ असे म्हणत, जसे आपल्याकडे रात्री सापाचे नाव न घेता ‘लांबडे’ म्हणतात.

ही भली माणसे टाचणीएवढी नव्हती. ती कधी लहान मुलाच्या, तर कधी पुऱ्या माणसाच्या उंचीची असत, आणि त्यांना पंख नसत. संसारातल्या अकस्मात संकटांचा उगम त्यांच्यापाशी असे. धडधाकट गाय उभ्या उभ्या कोसळली की तिला परीचा बाण लागला म्हणत, आणि पुरावा म्हणून शेतात सापडलेले गारगोटीचे छोटे टोकदार पाते दाखवत. ती पाती खरीच बाणाची होती, फक्त हजारो वर्षांपूर्वीच्या अश्मयुगीन माणसांनी घडवलेली. आयर्लंडमध्ये गोल मातीच्या तटबंदीच्या जागा हे त्यांचे गड मानले जात. मुळात ती मध्ययुगाच्या आरंभीची शेतकऱ्यांची घरठाणी होती. तिथली माती हलवली तर घरावर आपत्ती येईल या धाकाने नांगर त्यांना वळसा घालून जाई, आणि त्यामुळे अशी हजारो ठिकाणे आजच्या पुरातत्त्वज्ञांच्या हाती शाबूत लागली.

सर्वांत दुखरी समजूत बदललेल्या मुलाची होती. गोजिरे, हसरे मूल काही महिन्यांनी सुकू लागते, आईकडे पाहत नाही, किरकिरते, वाढत नाही; तेव्हा आपले मूल पऱ्यांनी पळवले आणि त्याच्या जागी त्यांच्यातले रोगट पोर ठेवले, असे घरचे समजत. या वर्णनांत आनुवंशिक आजारांची लक्षणे दिसतात, असे काही अभ्यासकांचे मत आहे. फिनाइलकीटोन्युरिया हा त्यातला एक. प्रथिनांतील एक घटक पचवणारे विकर (एन्झाइम) या बाळाच्या शरीरात नीट काम करत नाही. जन्मतः बाळ निरोगी दिसते आणि दूध पिता पिताच काही महिन्यांत मेंदूला इजा होऊ लागते. नॉर्वेतील आस्ब्यर्न फॉलिंग यांनी तो १९३४ मध्ये ओळखला. आज अनेक देशांत जन्मानंतर काही दिवसांत टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन त्याची तपासणी होते आणि आहार सांभाळला तर मूल चारचौघांसारखे वाढते. पूर्वी त्याच बाळाला ‘परत पाठवण्यासाठी’ उंबऱ्याबाहेर थंडीत ठेवत किंवा जाळाजवळ धरत. दंतकथेतल्या या ओळी वाचताना ते मूल खरे होते, हे विसरू नये.

हा उपाय मोठ्या माणसांवरही झाला. मार्च १८९५ मध्ये आयर्लंडच्या टिपरेरी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी ही सव्वीस वर्षांची शिवणकाम करणारी स्त्री आजारी पडली. डॉक्टर येऊन गेले, त्यांना श्वासनलिकेचा दाह दिसला. ही आपली बायको नव्हेच, असे तिच्या नवऱ्याने मनाशी धरले. नातेवाइकांच्या देखत तिला पाल्याचा काढा बळेबळे पाजण्यात आला, नाव पुन्हा पुन्हा विचारण्यात आले, आणि शेवटी नवऱ्याने तिला जाळले. खरी ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावर बसून बाहेर येईल म्हणून तो नंतर जवळच्या पऱ्यांच्या गडावर वाट पाहत राहिला. त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली. हे घर अडाणी नव्हते. नवरा पिंपे बांधणारा कुशल कारागीर होता आणि तिच्याकडे स्वतःचे शिवणयंत्र होते.

त्याच्या नऊच वर्षे पुढे, डिसेंबर १९०४ मध्ये, लंडनच्या रंगमंचावर ‘पीटर पॅन’ नाटकातली परी टिंकर बेल अवतरली: आरशाने पाडलेला एक नाचरा कवडसा. ती मरू घातली की प्रेक्षकांनी टाळ्या वाजवून तिला वाचवायचे. एकाच राज्यात एका बाजूला परीच्या संशयावरून माणूस मरत होता आणि दुसऱ्या बाजूला परीच आपल्या टाळ्यांवर जगत होती. शहरातली परी फार आधीपासून लहान होऊ लागली होती. शेक्सपिअरने सोळाव्या शतकाच्या अखेरीस तिला ओकफळाच्या वाटीत लपण्याइतकी चिमुकली केली, आणि फुलपाखराचे पंख तिला चित्रकारांनी बहुधा दोनशे वर्षांनी लावले. त्यामुळे विज्ञान आले आणि परी गेली, हे समीकरण मला फारच सोपे वाटते. शेक्सपिअरने तिचे हसू केले तेव्हा रिंगणाचे कारण अजून कुणालाच ठाऊक नव्हते.

उलट विज्ञानाच्या साधनानेच तिला शेवटचा आधार दिला. १९१७ च्या उन्हाळ्यात यॉर्कशरमधील कॉटिंग्ली गावात सोळा वर्षांची एल्सी राइट आणि तिची नऊ वर्षांची मावसबहीण फ्रान्सिस ग्रिफिथ्स यांनी एल्सीच्या वडिलांचा कॅमेरा मागून घेतला आणि घरामागच्या ओढ्याकाठी नाचणाऱ्या पऱ्यांचा फोटो काढून आणला, अशा एकूण पाच फोटोंपैकी पहिला. पुढे तो गूढविद्येत रमणाऱ्या थिऑसॉफिस्ट मंडळींच्या हाती पडला (या पंथाच्या संस्थापकांनी १८७९ मध्ये भारतात आल्यावर प्रथम मुंबईतच ठाणे मांडले होते). त्यांच्याकडून तो शेरलॉक होम्सचे निर्माते आर्थर कॉनन डॉइल यांच्याकडे गेला. डॉइल यांचे वडील आणि काका दोघेही पऱ्यांची चित्रे काढत, आणि महायुद्धाच्या अखेरीस त्यांचा मुलगा गेला होता. १९२० च्या डिसेंबरमध्ये त्यांनी यातले पहिले दोन फोटो खरे म्हणून लेखासह छापले. त्या काळी फोटो काचेवर उमटत; एका छायाचित्रतज्ज्ञाने ती काच तपासून त्यावर दुहेरी छाप नाही असा निर्वाळा दिला होता, आणि तो बरोबरच होता: लबाडी काचेवर नव्हती, कॅमेऱ्यासमोर होती. एल्सीने १९१४ च्या एका बालपुस्तकातल्या नर्तकी पाहून कागदी पऱ्या रंगवल्या होत्या आणि टोपीच्या टाचण्यांनी त्या गवतात उभ्या केल्या होत्या. त्याच पुस्तकात डॉइल यांचीही एक गोष्ट आहे.

दोघींनी हे १९८३ मध्ये कबूल केले, पण पाच फोटोंपैकी शेवटचा खरा असल्याचे फ्रान्सिस अखेरपर्यंत सांगत राहिली. गवताच्या घरट्यासारख्या धूसर पसाऱ्यात अर्धपारदर्शक आकृत्या, असा तो फोटो आहे, आणि तो आपणच काढला असे दोघीही म्हणत. सर्व फोटो बारकाईने तपासणारे जेफ्री क्रॉली यांनी सुचवले की एकाच काचेवर नकळत दोनदा प्रकाश पडला असावा. तसे असेल तर तो फोटो दोघींनीही काढला होता.