पाण्याचं मॉडेल मागवण्याआधी

नाल्यात सुटलेला पदार्थ कुठवर जाईल, किती विरळ होईल आणि वाटेत त्याचं काय होईल, याचा हिशेब आम्ही संगणकावर मांडून देतो; यालाच पाण्याचं मॉडेल म्हणतात. पाणलोटासाठी ‘स्वॅट’ आणि पाण्याच्या रसायनासाठी ‘फ्रीक्सी’ ही सॉफ्टवेअर वापरतो. दोन्ही मोफत मिळतात. आमची फी आहे ती मोजमापाची आणि मॉडेल त्या मोजमापाशी जुळवण्याची.

उदाहरणार्थ, मुंबईतली मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याच्या पाण्यातून निघते आणि सुमारे 18 किलोमीटरवर माहीमच्या खाडीला मिळते. खालच्या टप्प्यात भरतीचं पाणी उलटं आत शिरतं. म्हणून तिथल्या नमुन्यावर तारखेबरोबर वेळही हवी. नाहीतर तो आकडा नदीचा की खाडीचा, हे कळत नाही.

प्रवाह मोजणं तर सर्वांत महत्त्वाचं, आणि नेमकं तेच राहून जातं. समजा, उन्हाळ्यात नाल्यात सेकंदाला 100 लिटर पाणी आहे आणि अमोनिया लिटरमागे 10 मिलिग्रॅम: दिवसाला साधारण 86 किलो. पावसाळ्यात तेच प्रमाण 2 मिलिग्रॅमवर आलं, पण पाणी 5,000 लिटर झालं, तर दिवसाला 864 किलो खाली जातं. नुसत्या लॅब रिपोर्टवर मात्र पावसाळ्याचं पाणी स्वच्छ दिसतं!

सोसायट्यांचा प्रश्न बहुधा बोअरवेल खारी होण्याचा असतो. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 19 ग्रॅम क्लोराइड असतं. त्याचा शंभरावा हिस्सा मिसळला तरी बोअरवेलमध्ये 190 मिलिग्रॅमची भर पडते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची स्वीकार्य मर्यादा 250 आहे. क्लोराइड पाण्याच्या वेगानेच सरकतं. सोडियम मात्र चिकणमाती धरून ठेवते आणि बदल्यात कॅल्शियम सोडते. त्यामुळे पाणी आधी जड होतं, साबणाला फेस येईनासा होतो, आणि सोडियम मागाहून वाढतं. हा क्रम मॉडेलमध्ये दिसला, तर पंप किती चालवायचा हे वेळेवर ठरवता येतं.

लॅबला बायकार्बोनेट तपासायला आवर्जून सांगा. त्याशिवाय धन आणि ऋण आयनांचा (पाण्यात विरघळलेल्या विद्युतभारित कणांचा) ताळा जमत नाही; तफावत पाच टक्क्यांहून जास्त असली की आम्ही तपासणी पुन्हा करायला सांगतो. पीएच आणि विरघळलेला ऑक्सिजन जागेवरच मोजायचा. हातात एकच जुना रिपोर्ट असेल, तर मॉडेलची ऑर्डर आत्ता देऊ नका. आधी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात नमुने घेऊ.