‘एएस’ की ‘एसएस’? सिकलसेलमधल्या ओळखीची पार्श्वभूमी

उत्तर नागपुरात ‘मला सिकलसेल आहे’ असं म्हणणारा माणूस क्वचितच भेटतो. ‘मी एसएस आहे’, ‘आई-बाबा दोघंही एएस’, असंच बोलतात. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. एसएस म्हणजे आई आणि बाप दोघांकडूनही दोष मिळालेला रुग्ण. एएस म्हणजे एकाकडूनच मिळालेला, सहसा निरोगी असणारा वाहक. आजाराचं नाव मागे पडून ‘पॅटर्न’, म्हणजे तपासणीत निघालेली ही अक्षरं, हीच माणसाची ओळख झाली आहे.

भारतात हा दोष १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींमध्ये नोंदला गेला. नागपूरची नोंद १९५८ची, आणि ती जातवार: पूर्वाश्रमीचे महार, कुणबी, तेली. १४ ऑक्टोबर १९५६ला याच शहरात लाखो लोकांनी जुनी ओळख टाकून दिली होती. वैद्यकीय तक्त्यात ती दोन वर्षांनंतरही कायम राहिली. लग्नं जातीतच होतात, म्हणून जातवार मोजणी लागते, हे खरं. पण ‘आमच्या लोकांचा आजार’ हे शब्द मी अजूनही ऐकतो, ते त्या रकान्यातूनच आलेले आहेत.

खरा घोळ ‘पॉझिटिव्ह’ या शब्दाने केला. शिबिरात सोल्युबिलिटी चाचणी होते. बोटातलं थोडं रक्त नळीतल्या द्रावणात टाकायचं आणि मागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या गेल्या तर पॉझिटिव्ह. पण एएस आणि एसएस, दोघांचीही नळी गढूळच होते. फरक कळायला इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी चाचणी लागते आणि तो रिपोर्ट मागाहून येतो. तोवर निरोगी वाहक आणि कळांनी तळमळणारा रुग्ण एकाच शब्दात कोंबले जातात. माझ्या ओळखीतल्या एका मुलीची सोयरीक नेमकी या मधल्या दिवसांत मोडली. पुढे ती एएस निघाली. मुलाचं रक्त कुणी तपासलंच नव्हतं, आणि एसएस मूल होण्याचा धोका दोघांकडेही हा दोष असेल तरच असतो; दोघंही वाहक असतील तर दर खेपेला २५ टक्के. ‘वाहक’ शब्दानेही सुटका झाली नाही. डासासारखा रोग पसरवणारा, असाच त्याचा अर्थ लोक घेतात. मला ‘एएस’ हीच अक्षरं जास्त न्याय्य वाटतात.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आला आणि एसएस असणं हा हक्काचा आधार झाला. मात्र बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट आहे. कळा येतात-जातात, टक्केवारी मात्र एकदा बसून ठरते. २०२३च्या राष्ट्रीय मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि प्रत्येकाला त्याच्या पॅटर्नचं कार्ड, असं ठरलं. लग्नाच्या बोलणीत हे कार्ड मागावं का, यावर घरोघरी दोन मतं आहेत.

एक आई पोराचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, आधारकार्डाच्याही वर ठेवते. रात्री क्रायसिस, म्हणजे असह्य कळांचा झटका, आला की दवाखान्यात आधी तेच पुढे करते. ‘ते दाखवलं की मग त्याचं दुखणं खरं मानतात,’ ती म्हणाली.