चेहऱ्याची गर्भातील घडण आणि पेशीसंकेत

माणसाचा चेहरा गर्भाच्या चौथ्या ते दहाव्या आठवड्यात आकाराला येतो. या काळात पेशी प्रथिनांसारखे रेणू सोडून शेजारच्या पेशींना निरोप देतात. कुठे वाढायचे, कुठे थांबायचे, कोणाशी जुळायचे हे या निरोपांवर, म्हणजेच पेशीसंकेतांवर ठरते.

चेहऱ्याचा बराचसा माल दुरून येतो. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून होतात, तिच्या पाठीकडच्या कडेवरून न्यूरल क्रेस्ट पेशी सुटतात व सरकत पुढे येतात; चेहऱ्याची बहुतेक हाडे त्यांच्यापासूनच बनतात. भावी तोंडाभोवती पाच उंचवटे उभे राहतात: कपाळ-नाकाचा एक, वरच्या जबड्याचे दोन, खालच्याचे दोन. नाकाखाली बोट फिरवले की वरच्या ओठावर जी उथळ पन्हळ लागते, तिथे नाकाकडचे दोन भाग मधोमध जुळलेले असतात.

सर्वांत बोलका संकेत सॉनिक हेजहॉग या प्रथिनाचा. तो आधी पुढच्या मेंदूतून आणि मग चेहऱ्याच्या त्वचेतून सुटतो. कमी पडला तर चेहऱ्याचा मधला भाग आक्रसतो, डोळे जवळ येतात. वाढला तर ते दूर जातात. १९५०च्या दशकात अमेरिकेतील आयडाहो राज्यात एकच डोळा असलेली कोकरे जन्मू लागली. त्यांच्या आयांनी गाभण राहिल्यावर चौदाव्या दिवसाच्या सुमारास कॉर्न लिली ही रानवनस्पती खाल्ली होती. तिच्यातले सायक्लोपामिन हे रसायन हाच संकेत अडवते, हे कळायला पुढे कित्येक वर्षे गेली.

खालचा जबडा ‘खालचा’ होतो तो एंडोथेलिन-१ मुळे. हा संकेत बंद पाडलेल्या उंदरांत खालच्या जागी वरच्यासारखाच जबडा वाढतो.

टाळूचे दोन पडदे आधी जिभेच्या दोन्ही बाजूंना उभे लोंबतात, मग आडवे होऊन मध्ये सांधले जातात. सांध्यावरचा त्वचेचा थर विरघळावा लागतो. त्यासाठी टीजीएफ-बीटा-३ हे संकेत देणारे प्रथिन लागते. ते नसलेल्या उंदरांची टाळू दुभंगलेलीच राहते.

दुभंगलेला ओठ किंवा टाळू जगात साधारण ७०० जन्मांमागे एका बाळात आढळते. ग्रहणात आईने विळीवर काही चिरले म्हणून ओठ फाटला, असे आपल्याकडे अजून बोलले जाते आणि तो दोष ती बाई जन्मभर वाहते. ग्रहणाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. बहुतेकदा अनेक जनुके आणि गर्भाभोवतीची परिस्थिती मिळून हे घडते. मुरुमांवरचे आयसोट्रेटिनॉइन हे औषध मात्र गरोदरपणात खरोखरच वर्ज्य आहे. ते ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातले असून न्यूरल क्रेस्ट पेशींच्या कामात बिघाड करते, आणि बाळाचे कान, चेहरा, हृदय यांत व्यंग राहू शकते.