एका टक्क्याचा उतार

रात्री समोरच्या गाडीने डोळे दिपवले की आपण पहिला दोष देतो तो बल्बच्या ताकदीला. आणि स्वतःला लांबचं दिसत नसेल, तर दिवे जरा वर करून घ्यावेत असं वाटतं. खरा घोटाळा बहुतेक वेळा कोनाचा असतो, आणि तो कोनही केवढा, तर जेमतेम अर्ध्या अंशाचा. एवढ्याशा कोनावर दोन माणसांची नजर अवलंबून असते, म्हणून मला हा विषय फार महत्त्वाचा वाटतो.

गाडी भिंतीसमोर उभी करून लो बीम, म्हणजे डिपर, लावा. भिंतीवर उजेडाची वरची कड स्पष्ट दिसेल. कडेच्या खाली लख्ख, वर जवळजवळ अंधार. आपण रस्त्याच्या ज्या बाजूने गाडी चालवतो, त्या बाजूला ही कड थोडी वर चढते. तिकडचे पादचारी आणि पाट्या दिसायला हव्यात, आणि तिकडून समोरून कोणी येत नसतं. बहुतेक मोटारींत कडेचा सपाट भाग साधारण १ टक्का खाली झुकलेला ठेवतात, म्हणजे १० मीटर अंतरावर १० सेंटिमीटर खाली. नेमका आकडा बऱ्याच गाड्यांत बॉनेट उघडल्यावर दिव्याजवळ छापलेला सापडतो.

दिवा जमिनीपासून ६५ सेंमी उंचीवर असेल, तर १ टक्का उताराने ही कड ६५ मीटरवर रस्त्याला टेकते. उतार २ टक्के झाला की ३२ मीटरवरच. ताशी ८० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. अडथळा दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यातच ३३ मीटर संपले. थांबायला कोरड्या रस्त्यावरही साधारण तेवढंच अंतर आणखी लागतं. म्हणजे फार खाली केलेले दिवेही धोक्याचेच.

आता दिव्याला हातही न लावता हा कोन कसा बिघडतो ते पाहा. मागे तिघे बसले, डिकी भरली, आणि पुढच्या मानाने गाडीचा मागचा भाग ५ सेंमी जास्त बसला. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २.५ मीटर धरू. ५ भागिले २५० म्हणजे २ टक्के. अख्खी गाडी नाक वर करून तेवढी कलली, आणि दिवे गाडीलाच जखडलेले असल्याने झोतही २ टक्के वर गेला. १ टक्का खाली होता, तो आता १ टक्का वर. ५० मीटरवर कड पोहोचली ६५ अधिक ५०, म्हणजे ११५ सेंमीवर. साध्या मोटारीत बसलेल्या चालकाचे डोळे जवळपास त्याच उंचीवर असतात! बल्ब तोच, काच तीच, दिवा जुळवायचे स्क्रूही जागच्या जागी, तरी समोरचा आंधळा झाला.

यासाठीच अनेक गाड्यांत स्टिअरिंगजवळ ० ते ३ आकड्यांचं छोटं चक्र दिलेलं असतं. शून्य एकट्या चालकासाठी. ओझं वाढेल तसा आकडा वाढवायचा, की झोत खाली येतो. हे चक्र वर्षानुवर्षं शून्यावर पडून असतं, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

घरी दिवे जुळवताना हे चक्र शून्यावर, टायरमधली हवा बरोबर, डिकी रिकामी आणि चालकाच्या जागी कोणीतरी बसलेलं हवं. गाडी भिंतीला जवळजवळ टेकवून प्रत्येक दिव्याच्या केंद्रासमोर चिकटपट्टीची खूण करा. काचेवर बहुधा केंद्राचा बारीक ठिपका असतो. मग सरळ ५ मीटर मागे या. १ टक्क्याच्या हिशेबाने कड खुणेच्या ५ सेंमी खाली यायला हवी, आणि ती जिथून वर वळते तो बिंदू त्या दिव्याच्या अगदी समोर. एका वेळी एकच दिवा पाहा, दुसऱ्यासमोर पुठ्ठा धरा. दिव्यामागे बहुतेक दोन स्क्रू असतात, एक वर-खाली करणारा, एक डावी-उजवीकडे. आतले दाते प्लॅस्टिकचे असतात, तेव्हा सावकाश फिरवा.

जागा मात्र सपाट हवी. सगळी जागा एकसारखी उतरती असेल तर फारसं बिघडत नाही, कारण गाडी आणि खूण दोन्ही त्याच उतारावर मोजली जातात. पण गाडी मागे आणल्यावर तिची चाकं भिंतीजवळच्या फरशीपेक्षा वेगळ्या उतारावर आली, तर १ टक्क्याचा फरकही सगळं मोजमाप वाया घालवतो.

‘दुप्पट उजेड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या एलईडी बल्बांबद्दल. हॅलोजनच्या एच-४ बल्बमध्ये, म्हणजे हाय आणि लो बीमच्या दोन्ही तारा एकातच असलेल्या बल्बमध्ये, लो बीमच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. खाली जाणारा उजेड ती अडवते, त्यामुळे परावर्तकाचा फक्त वरचा भाग उजळतो आणि तिथून झोत खाली रस्त्यावर पडतो. भिंतीवरची कड या वाटीमुळेच येते. त्या जागी एलईडी बसवला आणि त्यातल्या उजेड देणाऱ्या चकत्या तारेच्या नेमक्या जागी, नेमक्या आकाराच्या नसल्या, की कड पसरट होते. उजेड वाढतो खरा, पण तो समोरच्याच्या डोळ्यांत. कडच उरली नसेल तर स्क्रू फिरवून जुळवायचं काय? आधी मूळचा बल्ब परत बसवा. आणि ज्या गाड्यांत सेन्सर स्वतःच झोत वर-खाली करतात, त्यांचे स्क्रू घरी फिरवू नका. त्यांचा शून्य बिंदू वर्कशॉपमध्ये यंत्र जोडूनच ठरवावा लागतो.