कारखाना-विक्री, सोलापुरातील

उत्पादकाने अडत्या व घाऊक व्यापारी वगळून आपला माल स्वतःच्या दुकानातून थेट गिऱ्हाइकाला विकण्याची पद्धत. डागी, शिल्लक किंवा मोसम उलटलेला माल हा तिचा मूळ विषय. अमेरिकेच्या पूर्व भागातील गिरण्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असा माल कामगारांना स्वस्तात देत व पुढे तो बाहेरच्यांनाही मिळू लागला, असा तिचा उगम सामान्यतः सांगतात. या विक्रीने गाव पालटल्याचे नेहमीचे उदाहरण म्हणजे मेन राज्यातील फ्रीपोर्ट. समुद्राकाठच्या या छोट्या गावात एल. एल. बीन यांचा पादत्राणे व कपड्यांचा व्यवसाय १९१२ पासून आहे आणि त्यांचे दुकान १९५१ पासून रात्रंदिवस उघडे असते. १९८० च्या दशकात त्याच्या आजूबाजूला नामांकित कंपन्यांची आउटलेट आली आणि रोजच्या गरजेची दुकाने मुख्य रस्त्यावरून मागे सरली. जुन्या वास्तू राखण्याच्या आग्रहामुळे मॅकडोनाल्डलाही तेथे एका जुन्या घरातच दुकान थाटावे लागले.

फ्रीपोर्टला माल बाहेरून आला. सोलापुरात तो दुकानाच्या मागच्या खोलीत विणला जाई. त्यामुळे येथील बदलाची दिशा समजण्यासाठी विणकरांच्या वस्तीपासूनच सुरुवात करावी लागते.

ही वस्ती केव्हाची, याबद्दल एकमत नाही. एका मताप्रमाणे पेशवाईत नव्या पेठा वसवताना तेलंगणातून पद्मशाली विणकर बोलावून घेतले गेले. दुसरे मत १८७६–७८ चा दुष्काळ आणि १८७७ मध्ये निघालेली, ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी यांवर भर देते. लोंढा या दुसऱ्या काळातला असावा, हे पटण्यासारखे आहे. पण १८८४ च्या जिल्हा गॅझेटिअरात हातमागाचा धंदा चांगला रुजलेला दिसतो, तेव्हा आधीची वस्ती नाकारता येत नाही. १८६० मध्ये रेल्वे आल्याने सूत आणणे व माल पाठवणे सोपे झाले होते, हेही ध्यानात घ्यावे. चादरीचा प्रश्न वेगळा आहे. गॅझेटिअरकाळी हातमागाचा मुख्य माल लुगडी व खण हा होता. दोन्ही बाजूंनी उलट रंगांत नक्षी दाखवणारी दुहेरी विणीची चादर जॅकार्डाशिवाय, म्हणजे छिद्रांच्या कार्डांनुसार ताण्याचे धागे उचलून नक्षी काढणाऱ्या यंत्राशिवाय, निघणे कठीण. म्हणून तिची आजची घडण विसाव्या शतकातील मानणे अधिक सयुक्तिक ठरते. तिचे श्रेय एकाच घराण्याला देण्याची प्रथा आहे, मात्र पुलगम, चाटला अशी नावे पाहता अनेक कारखानदारांचा हात त्यात असावा.

डागी माल कसा निपजतो, हे टॉवेलावरून चांगले कळते. टेरी, म्हणजे वेटोळ्यांच्या, टॉवेलाला दोन ताणे (उभे धागे) लागतात : एक ताठ, एक सैल. दोन बाणे (आडवे धागे) विणलेल्या कापडापासून थोड्या अंतरावर ठेवून तिसऱ्या बाण्याला फणी पूर्ण ठोका देते. त्या ठोक्याने तिन्ही बाणे ताठ ताण्यावरून पुढे सरकतात आणि सैल ताण्याचे वेटोळे वर उठतात. सैल ताण्याचा ताण जरा बिघडला, की वेटोळे कुठे उंच तर कुठे बसके होतात. चादरीत जॅकार्डाचे कार्ड फाटले तर नक्षी तुटते, कांडी (बाण्याचे सूत गुंडाळलेली नळी) बदलताना दुसऱ्या रंगखान्याचे सूत आले तर पट्टा उमटतो. व्यापारी असा नग बाजूला काढी. हा नग कारखान्याच्या पुढच्या खोलीत घडी करून ठेवायचा आणि येईल त्याला कमी भावात द्यायचा, हेच येथील कारखाना-विक्रीचे पहिले रूप. गिऱ्हाईक नग उजेडाकडे धरून डाग शोधतो आणि कारखानदार स्वतःच बोट ठेवून तो दाखवतो, हा व्यवहार अजूनही पाहायला मिळतो. घासाघीस त्यानंतर.

या पद्धतीने शहराचा कापडबाजार सरकला. पूर्वी तो चाटी गल्ली व नवी पेठेत होता. बाहेरगावचे गिऱ्हाईक पूर्व भागात, म्हणजे साखर पेठ, अशोक चौक, कन्ना चौक या बाजूला, सहसा जात नसे. पुढे तुळजापूर, पंढरपूर, अक्कलकोट करणाऱ्या भाविकांच्या गाड्या चादरीसाठी सोलापुरात थांबू लागल्या. मागाचा खडखडाट असलेल्या घरांच्या दर्शनी भागात काचेची दालने आली, तेलुगू बोलणाऱ्या घरांत गल्ल्यावर मराठी, हिंदी व कन्नड रुळली. माग हळूहळू अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत गेले. गिरण्या बंद पडल्याने शहराचे कामगारी वळण ओसरले, असे म्हणण्याची रीत आहे. ते खरे असले तरी अपुरे आहे, कारण पूर्व भागातील बदल गिरण्यांपेक्षा यंत्रमागाशी आणि दुकानाशी जास्त जोडलेला आहे. कांड्या भरणाऱ्या, टॉवेलाच्या कडा शिवणाऱ्या बायकांचे काम या स्थलांतरात कुठे गेले, याकडे अभ्यासकांनी फारसे लक्ष दिलेले नाही.

सोलापुरी चादर व सोलापुरी टेरी टॉवेल यांना २००५–०६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते नावाचे रक्षण करते. दालनात आणखी काय मांडावे, यावर त्याचा अंमल नाही. आज बऱ्याच दालनांत पानिपतचे पॉलिएस्टर ब्लँकेट चादरीशेजारीच असते आणि वजनाला हलके, रंगाला भडक असल्याने तेच आधी खपते. उलट परगावच्या मंगल कार्यालयांत भरणाऱ्या ‘सोलापुरी’ सेलमधील सगळा माल सोलापूरचा असतोच असे नाही. गणवेश व तयार कपडे शिवण्याच्या नव्या धंद्यात थेट विक्रीपेक्षा घाऊक मागणीच मोठी आहे.