ब्लेडच्या अलीकडे एक, पलीकडे एक
(शिअरिंग मशीन वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात आम्ही पत्रा कापायच्या शिअरिंग मशीन बसवून देतो, दुरुस्त करतो, ब्लेडला धार लावतो. दुरुस्तीला बोलावलं की झाकण उघडण्याआधी आम्ही दोन गोष्टी बघतो: पेडलवर पाय कोणाचा, आणि मशीनच्या मागे कोण उभं आहे. धार, गॅप, तेल हे सगळं आहेच. पण बोटं गेल्याच्या ज्या गोष्टी आमच्या कानावर आल्या, त्यांत दुसरा माणूस जवळपास दर वेळी होता.

एक पेडल, एक माणूस

पुढचा माणूस पत्रा लावतो, मागचा माणूस कापलेला तुकडा ओढून घेतो. आखाजीच्या आधी कूलर आणि लग्नाच्या कपाटांची घाई असते. शंभर-दोनशे तुकडे काढताना दोघांचा हात बसतो आणि बोलणं बंद होतं. मग एखादा तुकडा तिरका अडकतो, मागचा तो सोडवायला हात घालतो आणि पुढच्याचा पाय सवयीने दाबला जातो. पुढच्याला तो हात दिसलेलाच नसतो, कारण मध्ये मशीनचा बीम असतो.

म्हणून मशीन चालू असताना मागे माणूस उभा करूच नका. मागे उतरता पत्रा लावून घ्या, तुकडे घसरून खाली पडतील. ढीग झाला की मेन स्विच बंद करून, मशीन पूर्ण थांबल्यावर उचला. वेळ जातो, हे मान्य. मागची बाजू जाळीने बंद करून दाराला लिमिट स्विच बसवता येतो, म्हणजे दार उघडलं की मोटर बंद होते. मेकॅनिकल मशीनचं फिरतं चाक मात्र लगेच थांबत नाही.

मोठा पत्रा असेल तर पुढे दोघं लागणारच. 8 बाय 4 फुटांचा 3 मि.मी. पत्रा 70 किलोचा असतो, एकट्याने ओढायची वस्तू नाही ती. अशा वेळी पेडल एकाकडेच. जोडीदाराचे दोन्ही हात डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्याने पाय ठेवायचा नाही. आरोळीवर काम करू नका. शेजारी ग्राइंडर चालू असला की ‘मारू नको’ मधलं ‘नको’ ऐकूच येत नाही.

पेडलवर वरून कव्हर हवं. पडलेला हातोडा किंवा घसरलेला पत्रा पेडलवर आपटला तरी मशीन चालतं, त्याला माणसाचा पाय ओळखता येत नाही.

ब्लेडच्या आधी येतं ते

आमच्या एका मिस्त्रींचं मधलं बोट आजही चपटं आहे. ते ब्लेडने केलेलं नाही. ब्लेड उतरायच्या आधी पत्रा दाबून धरणारे पाय उतरतात, त्यांना होल्ड-डाउन म्हणतात. ट्रायलसाठी पुढचा गार्ड काढला होता, कापायची रेष नीट बघायला बोट पुढे गेलं आणि पायाखाली सापडलं. चूक आमचीच. ब्लेडपासून हात लांब आहे म्हणजे हात सुरक्षित आहे, असं त्या दिवसापासून आम्ही कोणाला सांगत नाही.

गार्ड याच्यासाठी असतो. धोकादायक भागाला संरक्षण हवं, ही अट 1948 च्या कारखाना कायद्यातही कलम 21 मध्ये होती, ती काही आमची हौस नाही. तुकडा छोटा आहे म्हणून गार्ड वर करून बांधून ठेवलेला आम्ही बऱ्याच शेडमध्ये बघतो. जो तुकडा होल्ड-डाउनच्या पायाखाली येतच नाही, तो या मशीनवर कापायचा नाही. न दाबलेला पत्रा ब्लेड टेकताच उलटा उसळतो आणि धरणाऱ्याच्या मनगटावर येतो. छोट्या तुकड्यासाठी हाताची कातर आहे. चिंचोळी पट्टी काढायची असेल तर मोठा पत्रा पुढे तुमच्या बाजूला ठेवा आणि पट्टी बॅक गेजकडे, म्हणजे माप धरायच्या मागच्या अडणीकडे, जाऊ द्या.

लाइट गेली म्हणजे मशीन थांबलं असं नाही

हा मुद्दा आपल्याकडे जास्तच लागू आहे. मेकॅनिकल शिअरिंगचं फ्लायव्हील, म्हणजे जड चाक, वीज गेल्यावरही बराच वेळ फिरत राहतं. तेवढ्यात पेडल दाबलं गेलं तर ब्लेड पूर्ण ताकदीने खाली येतं. लाइट गेली की पाय काढा, मेन स्विच बंद करा, फ्लायव्हील पूर्ण उभं राहू द्या. मगच अडकलेल्या पत्र्याला हात लावा.

स्टार्टर नो-व्होल्ट कॉइलचा असावा. वीज परत आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर सुरू व्हायला नको. लाइनवर काम झाल्यावर कधी फेज उलटसुलट जोडले जातात आणि मोटर उलटी फिरते. फ्लायव्हीलवर बाण असतो, त्या दिवशी तो एकदा बघा. हायड्रोलिक मशीनमध्ये पंप उलटा फिरला तर तो लवकर खराब होतो आणि खर्च मोठा येतो.

मेकॅनिकल मशीनच्या क्लचमध्ये चावी असते, म्हणजे फ्लायव्हीलला शाफ्टशी जोडणारी खिटी. ती एकदा गुंतली की फेरा पूर्ण झाल्याशिवाय सुटत नाही, मध्येच ब्लेड थांबवायची सोय नाही. चावी किंवा तिची स्प्रिंग झिजली की एकदा पेडल दाबल्यावर ब्लेड दोनदा उतरतं. रोज सकाळी पत्रा न लावता आठ-दहा फेरे मारून बघा. एकदा जरी दुसरा फेरा आपोआप आला तरी त्या दिवशी मशीन बंद. ‘एवढी ऑर्डर निघू दे, मग बघू’ हे आम्हाला फोनवर फार वेळा ऐकायला मिळतं.

पाटीवरचा आकडा

मशीनवर 6 मि.मी. लिहिलं असेल तर ते माइल्ड स्टीलसाठी. स्टेनलेस त्याच मशीनवर साधारण 4 मि.मी.पर्यंतच कापा. कपाटाचा 20 किंवा 22 गेजचा पत्रा 1 मि.मी.पेक्षाही पातळ असतो, तिथे ताकदीचा प्रश्न नाही, गॅपचा आहे. दोन ब्लेडमधली फट पत्र्याच्या जाडीच्या साधारण 5 ते 10 टक्के लागते, म्हणजे 2 मि.मी.ला 0.1 ते 0.2 मि.मी. फट जास्त झाली की पत्रा कापला न जाता वाकून आत ओढला जातो, आणि त्याच्याबरोबर तो धरणारा हातही. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावताना मशीन बंद, मेन स्विचला कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात.

आता वखराच्या पाशीबद्दल. गाडीच्या जुन्या कमानीचा (स्प्रिंगचा) पट्टा घेऊन शेतकरी दादा येतात आणि ‘एक घाव मारून द्या’ म्हणतात. गिऱ्हाईक ओळखीचं असतं, नाही म्हणवत नाही. पण कमानीचं पोलाद कडक केलेलं असतं. त्याने ब्लेडचा टवका उडतो आणि तो टवका गोळीसारखा येतो. नाही म्हणा, किंवा गॅसने कापून द्या. सळई आणि वेल्डिंगचा टाका आलेला पत्राही या ब्लेडखाली नको.

अंगावर काय, पायात काय

पत्रा उचलताना जाड हातमोजे हवेत, पण बेल्ट आणि फ्लायव्हीलजवळ ते काढायचे. उन्हाळ्यात 45 डिग्रीला घाम पुसायला गळ्यात रुमाल लागतोच, तो भिजवून डोक्याला घट्ट बांधा, टोकं लोंबती नकोत. चपलेवर काम नको. चष्मा घाला.

हाताच्या लिव्हर शिअरबद्दल थोडंच. काम झालं की दांडा वर करून पिन लावा, नाहीतर तो आपल्याच वजनाने खाली येतो. जोर लागत नाही म्हणून दांड्याला पाइप चढवू नका.

झालंच तर

जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, हात वर ठेवा, 108 ला फोन करा. हळद, चुना, ग्रीस काही भरू नका. बोट तुटलं असेल तर ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बोट थेट बर्फावर किंवा पाण्यात ठेवलं तर ते जोडणं अवघड होतं. पिशवी माणसाबरोबरच गाडीत गेली पाहिजे. घाईत ती मागे राहू शकते.

ब्लेड आमच्याकडे पाठवताना

बऱ्याच ब्लेडना चार धारा असतात. एक बोथट झाली की ब्लेड फिरवून लावता येतं, म्हणून पाठवण्याआधी चारही तपासा. अडीच मीटर लांब, 80 बाय 20 मि.मी.चं ब्लेड 31 किलोच्या आसपास भरतं. काढताना दोघं लागतात, आणि वरच्या बीमखाली लाकडी ठोकळे लावल्याशिवाय बोल्टला पाना लावू नका. ब्लेड गोणपाटात गुंडाळून, लाकडी पट्टीला बांधून पाठवा. वर खडूने मशीनची लांबी आणि ‘वरचं’ की ‘खालचं’ ते लिहा. मागच्या पावसाळ्यात एक ब्लेड ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उघडंच आलं, आणि ते उतरवताना आमच्याच पोऱ्याच्या तळहाताला तीन टाके पडले.