आयरिशचा अधिकारी आणि आयरिशवाल्यांचा प्रतिनिधी

आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात जाऊन ‘आयरिश भाषा अधिकारी कुठे बसतात?’ असं विचारलंत, तर उलट प्रश्न येऊ शकतो: कुठले, कॉलेजचे की विद्यार्थी संघाचे? दोन्ही आहेत. पदाचं नाव जवळपास एकच आणि खटपट एकाच भाषेसाठी. त्यामुळे बाहेरच्या माणसाला ही एकाच कामाची दोन टेबलं वाटतात. तशी ती नाहीत.

कॉलेजचा अधिकारी पगारी. सरकारी संस्थांनी आयरिशमध्ये काय काय पुरवायचं, हे २००३ च्या राजभाषा कायद्यानं ठरवलं आणि विद्यापीठंही त्यात आली. आयरिशमध्ये आलेल्या पत्राला आयरिशमध्येच उत्तर, पाट्या आणि लेटरहेड, वार्षिक अहवालाची आयरिश प्रत. २०२१ च्या दुरुस्तीनं त्यात भर घातली. वर्षभरातल्या जाहिरातींपैकी किमान २० टक्के आयरिशमध्ये हव्यात, आणि २०३० संपेपर्यंत सार्वजनिक सेवेतल्या नव्या भरतीत २० टक्के माणसं आयरिश येणारी हवीत. हे सगळं होतंय की नाही, ते पाहायला भाषा आयुक्त आहेत. त्यांचं कार्यालय पश्चिमेकडच्या गॉलवे शहराजवळच्या अन स्पिडेल या आयरिशभाषक गावात आहे. आपल्याकडच्या बँकेतला राजभाषा अधिकारी डोळ्यांसमोर आणा. माणूस मनापासून काम करणारा असेलही, पण त्याला हिंदी बोलणाऱ्यांनी निवडून दिलेलं नसतं, आणि त्याचा अहवाल जातो वर, साहेबाकडे.

विद्यार्थी संघाचा अधिकारी निवडून येतो. बऱ्याच ठिकाणी हे पद अर्धवेळ असतं, म्हणजे अभ्यास सांभाळून करायचं. देशपातळीवरच्या विद्यार्थी संघटनेतही आयरिशसाठी वेगळं उपाध्यक्षपद आहे. हा माणूस प्रशासनाला अडचणीत आणणारे प्रश्न विचारू शकतो, मोर्चा काढू शकतो, कारण त्याची नेमणूक प्रशासनाच्या हातात नाही.

इथे एक गंमत आहे, आणि ती सहसा कोणी बोलून दाखवत नाही. त्याचे मतदार कोण? बहुतेकदा सगळे विद्यार्थी किंवा त्यांचे वर्गप्रतिनिधी. २०२२ च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ७४ हजार जणांनी आयरिश येते असं सांगितलं, म्हणजे ४० टक्के. पण शाळा-कॉलेजाबाहेर ती रोज बोलणारे होते फक्त ७२ हजारांच्या आसपास. या दोन आकड्यांमधल्या दरीवरच ही निवडणूक होते. कॉनमारा या पश्चिमेकडच्या आयरिशभाषक भागात, घरात आयरिश बोलत वाढलेल्या मुलीचा प्रतिनिधी, शाळेत आयरिशचा पेपर कसाबसा सोडवलेल्या शेकडो मुलांच्या मतांवर ठरतो. म्हणून हा दुसरा अधिकारीसुद्धा भाषकांचा प्रतिनिधी आहे, असं मी पाऊण आवाजातच म्हणेन.

विद्यापीठाच्या नियामक मंडळात गेलं की हाच घोळ मोठ्या प्रमाणावर दिसतो. भाषेची अट आणि भाषकांची जागा या गोष्टी तिथे सर्रास एकमेकींत मिसळल्या जातात. गॉलवेचंच उदाहरण घ्या. १९२९ च्या कायद्यानं तिथल्या कॉलेजावर बंधन घातलं की आयरिशमधून काम करू शकणारा योग्य उमेदवार मिळत असेल, तर नेमणूक त्याचीच करायची. अट कडक होती, पण ती नोकरीची अट होती. आयरिश बोलणाऱ्या समाजाला तिनं मंडळात एकही मत दिलं नाही. २००६ मध्ये कायदा बदलून ही अट काढली, आणि तिच्या जागी विद्यापीठाच्या विकास आराखड्यात आयरिशमधून शिक्षणाची तरतूद हवी, असं आलं. माणसावरची अट कागदावर गेली. प्रतिनिधित्व आधीही नव्हतं, नंतरही नाही.

१९९७ च्या विद्यापीठ कायद्यातही आयरिश जपणं, वाढवणं आणि वापरणं हे विद्यापीठाचं उद्दिष्ट म्हणून लिहिलेलं आहे. उद्दिष्टाला मत नसतं. मंडळ तेव्हा ऐसपैस असायचं, २० ते ४० सदस्यांचं, त्यामुळे वेगवेगळ्या गटांची माणसं आत बसायची. २०२२ च्या उच्चशिक्षण कायद्यानं ते आवळलं. बहुतेक विद्यापीठांत आता जास्तीत जास्त १७ सदस्य आणि त्यात बाहेरच्यांचं बहुमत. रोख असा, की सदस्य कौशल्य बघून घ्यायचे. अर्थ, कायदा, व्यवस्थापन जाणणारे हवेत. कोण कुणाच्या वतीनं आलाय, याला महत्त्व कमी. या चौकटीत आयरिश शिरली तर ती कौशल्य म्हणून शिरते. मंडळावरच्या एखाद्या लेखापालाला उत्तम आयरिश येत असेल, तर चांगलंच आहे. पण वसतिगृहात आयरिशभाषकांसाठी मजला हवा की नको, हे त्याला कोणी विचारायला पाठवलेलं नाही, आणि परत जाऊन त्याला कोणाला उत्तरही द्यायचं नाही.

यावर कोणी म्हणेल, मग खुर्ची नसेल तर काहीच होत नाही का? होतं की. १९०८ मध्ये आयर्लंडचं राष्ट्रीय विद्यापीठ स्थापन झालं, तेव्हा प्रवेशासाठी आयरिश सक्तीची करावी म्हणून गेलिक लीग या आयरिश भाषेसाठी झटणाऱ्या संघटनेनं रान उठवलं. लीगचे अध्यक्ष डग्लस हाइड स्वतः विद्यापीठाच्या सिनेटवर होते, पण सिनेटला हलवलं ते बाहेरच्या दबावानं. शिष्यवृत्त्यांचे पैसे कौंटी परिषदांच्या, म्हणजे तिथल्या जिल्हा परिषदांच्या, हातात होते आणि परिषदा लीगच्या बाजूला गेल्या. १९१० मध्ये ठराव झाला, १९१३ पासून आयरिश सक्तीची झाली.

उलटी गोष्टही घडली आहे. पहिले भाषा आयुक्त शॉन ओ कुर्राइन यांच्याकडे कायद्यानं दिलेले अधिकार होते, चौकशी करायची मुभा होती. तरी सरकार मनावर घेत नाही म्हणून २०१३ च्या डिसेंबरात त्यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. अधिकारी हरल्यावर भाषक रस्त्यावर आले: फेब्रुवारी २०१४ मध्ये हजारो माणसं लाल कपडे घालून डब्लिनमध्ये चालली. तो राजीनामा आणि तो मोर्चा यांना एकच घटना समजणारे लेख मी वाचलेत.

तेव्हा तिथे शिकायला गेलेल्या कोणाला प्रश्न पडलाच, तर साधी वाटणी अशी. आयरिशमध्ये पाठवलेल्या पत्राला इंग्रजीत उत्तर आलं, तर कॉलेजच्या अधिकाऱ्याकडे जा, आणि तिथे दाद नाही मिळाली तर आयुक्तांकडे. हा कायद्याचा भंग आहे, तो मोजता येतो. पण आयरिशमधून चालणारा अभ्यासक्रम विद्यार्थी कमी म्हणून बंद करायचं घाटत असेल, तर त्यात कायदा मोडलेला असेलच असं नाही. तिथे विद्यार्थी संघाचा अधिकारी गाठा. मंडळात विद्यार्थ्यांच्या मोजक्याच जागा असतात आणि त्या बहुधा अध्यक्षासारख्या पदाधिकाऱ्यांकडे जातात. त्यामुळे आयरिशच्या अधिकाऱ्याला आधी आपल्याच अध्यक्षाला पटवावं लागेल, आणि अध्यक्षाला आयरिश येत नसेल तर ते इंग्रजीतूनच.